मापात पाप: पायलीपासून ग्रॅमपर्यंतचा प्रवास

या भागात आकडे बरेच आहेत आणि बसमध्ये किंवा गाडीवर ऐकताना ते निसटतात, म्हणून हे लिखित रूप. बोललो तसंच ठेवलंय, फक्त 'म्हणजे बघा' थोडे कमी केलेत.

सुरुवात केकपासून करू. कुठलीही रेसिपी उघडा: दोन कप मैदा, एक कप साखर, अर्धा कप तेल. सोपं वाटतं. पण कप कुणाचा? अमेरिकेतला कप साधारण २३७ मिलीलिटरचा. ऑस्ट्रेलियातला २५० चा. जपानमधला २०० चा. आणि मुक्ताईनगरात कुणाच्या घरी 'कप द्या' म्हटलं तर चहाचा कप येईल, जो यातल्या एकाशीही जुळणार नाही. चमच्याचंही तेच. अमेरिकेचा मोठा चमचा १५ मिलीचा, ऑस्ट्रेलियाचा २० चा.

बरं, कप एकच आहे असं धरू. मैदा चमच्याने हलकेच कपात टाकला आणि वरून सुरीने सपाट केला, तर त्या अमेरिकन कपात साधारण १२० ग्रॅम बसतो. तोच कप डब्यात खुपसून दाबून भरला, तर १५० ग्रॅमपर्यंत जातो. कप तोच, मैदा तोच, हातही तोच. फरक ३० ग्रॅमचा, म्हणजे पाव हिस्सा जास्त. दोन कपांत ६० ग्रॅम. एवढ्यात केकची भाकरी होते.

आता तुम्ही म्हणाल, इतिहासाच्या पॉडकास्टवर हे काय चाललंय? तर हाच प्रश्न, 'माप कुणाचं आणि ते भरतो कोण', आपल्याकडे दोन हजार वर्षांपूर्वी लेखी विचारला गेलाय. आणि तेव्हा केक फुगण्यापेक्षा बरंच काही त्याच्यावर अवलंबून होतं. सालदाराच्या घरातलं वर्षाचं धान्य अवलंबून होतं.

मोजणं, मापणं, तोलणं

आपल्या भाषेत तीन वेगळी क्रियापदं आहेत. केळी आपण मोजतो: एक डझन, दोन डझन. धान्य मापायचो: एक पायली, दोन पायल्या. कापूस तोलतो: क्विंटल, खंडी. मोजायचं ते नग, मापायचं ते आकारमान, तोलायचं ते वजन. खान्देशातली तीन मुख्य पिकं घ्या, तिघांसाठी तीन पद्धती. आजही किरकोळ विक्रीत केळी डझनावर जाते आणि तीच केळी शेतातून ट्रकमध्ये चढताना क्विंटलवर जाते. का, ते पुढे बघू.

आधी धान्याचं माप. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारलंत तर ही उतरंड अजून पाठ असते: दोन निळव्यांचं एक कोळवं, दोन कोळव्यांचं एक चिपटं, दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा एक शेर, दोन शेरांची एक अडशेरी, दोन अडशेऱ्यांची एक पायली.

माझं काम कोड लिहिण्याचं, त्यामुळे ही यादी पहिल्यांदा नीट पाहिली तेव्हा डोळे चमकले. एक, दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट. पायली म्हणजे ६४ निळवी. ही सरळ बायनरी आहे! आणि त्याचं कारणही साधं आहे. धान्याच्या ढिगाचे डोळ्यांनी दोन सारखे भाग करता येतात. दहा सारखे भाग करून दाखवा बघू. ज्या काळात हातात तराजू नाही, त्या काळात दुप्पट आणि निम्मं हीच सगळ्यात खात्रीची गणितं.

पायलीच्या वर मात्र गोंधळ सुरू होतो. मण किती पायल्यांचा? काही ठिकाणी १२, काही ठिकाणी १६. जुन्या कागदांत 'बारुले' असा शब्द येतो, तो या बारा पायलीच्या मणासाठी. मग वीस मणांची एक खंडी. म्हणजे शेजारच्या दोन गावांत 'एक खंडी ज्वारी' म्हणताना एकाच्या मनात २४० पायल्या आणि दुसऱ्याच्या मनात ३२०. शब्द एकच!

आणि अजून एक गाठ. शेर, मण, खंडी हे तिन्ही शब्द मापाचेही आहेत आणि वजनाचेही. म्हणून पेशवाईच्या हिशेबांत धान्याच्या आकड्याशेजारी 'कैली' असं लिहिलेलं सापडतं. कैली म्हणजे मापाने मोजलेलं. वजनाने असेल तर 'वजनी'. त्या कारकुनांना ठाऊक होतं की आकड्याला एकक चिकटवलं नाही तर तो आकडा निरुपयोगी. आजही कोडमध्ये आपण हेच करतो, आणि विसरलो तर मार खातो.

शीग

आता खळ्यावर जाऊ. दादर झाली आहे, म्हणजे आपली रब्बीची ज्वारी. रास पडलीय. पूजा झाली. मापायला सुरुवात. पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार. नवी नवरी उंबरठ्यावरचं माप ओलांडते, तेही हेच, धान्याने भरलेलं. तराजू ओलांडायला लावत नाहीत कुणी. भरलेलं माप म्हणजे घरात लक्ष्मी, इतकं ते आपल्या अंगात मुरलेलं आहे.

पण भरलेलं म्हणजे किती भरलेलं? काठापर्यंत सपाट, की वर टोक येईपर्यंत? ते वरचं टोक म्हणजे शीग. 'शिगोशीग भरलं' हा शब्द तिथूनच. आणि सगळी गंमत, खरं तर सगळा अन्याय, या शिगेत आहे.

शिगेचं शास्त्र बघा. दोन मापं घ्या, दोघांत काठापर्यंत सारखंच धान्य बसतं. एक उंच आणि अरुंद, दुसरं बसकं आणि रुंद तोंडाचं. सपाट भरलंत तर दोन्ही सारखी. शीग लावून भरलंत तर रुंद तोंडाच्या मापावर कितीतरी जास्त धान्य राहतं, कारण शंकूचा तळ मोठा. शिवाय धान्य उंचावरून ओतलं तर दाणे दाबून बसतात. माप हलवलं, ठोकलं, तर आणखी बसतं. हलक्या हाताने, जवळून भरलं तर कमी. म्हणजे मापात किती धान्य आलं हे मापावर ठरतच नाही. ते ठरतं भरणाऱ्याच्या हातावर.

आता एक हिशेब करू. समजा भरलेल्या मापातलं पाव धान्य शिगेत आहे. म्हणजे सपाट माप तीन वाटे, शिगेचं माप चार वाटे. एखाद्या सालदाराने पावसाळ्यात मालकाकडून एक पायली सपाट नेली आणि सुगीत एक पायली शिगेने परत केली. वहीत काय लिहिलं जाईल? 'एक पायली नेली, एक पायली दिली. फिटलं.' व्याज शून्य. प्रत्यक्षात तिनाचे चार झाले. चार महिन्यांत ३३ टक्के, आणि वहीत एक अक्षर नाही.

'मापात पाप' ही म्हण उगीच नाही आली. वहीत न दिसणारं असं ते पाप आहे.

कौटिल्याने हे आधीच लिहून ठेवलं होतं

शिगेतलं पाव धान्य हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दुसऱ्या अधिकरणात वजन-मापांवर एक आख्खं प्रकरण आहे. त्यासाठी वेगळा अधिकारी आहे, पौतवाध्यक्ष. धान्याची मापं कोरड्या, कठीण लाकडाची करावीत, आणि शीग एक चतुर्थांश यावी अशी, नाहीतर शीग आतच धरली जाईल अशी करावीत, असं तिथे सांगितलंय. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी ठरवलं की शिगेला हातावर सोडायचं नाही, तिचा आकडा बांधायचा.

त्याच प्रकरणात पुढे आणखी भारी गोष्ट आहे. द्रोण हे धान्याचं मोठं माप. कौटिल्य चार प्रकारचे द्रोण सांगतो. राजाच्या उत्पन्नासाठीचा, म्हणजे धान्य सरकारात येताना वापरायचा द्रोण, २०० पळांचा. व्यवहारातला साडेसत्याऐंशी अधिक शंभर, म्हणजे १८७.५ पळांचा. नोकरचाकरांना वाटप करायचा १७५ पळांचा. आणि अंतःपुराच्या वाटपाचा १६२.५ पळांचा.

नीट बघा. धान्य आत येताना माप मोठं, बाहेर जाताना माप लहान. येताना २००, नोकराला देताना १७५. आठवा हिस्सा कोठारातच राहिला. पण हे गुपचूप नाही. आकडे जाहीर आहेत. ज्याला हिशेब येतो त्याला आपला किती कापला जातोय ते कळतं.

आणि हे आकडे कशाचे आहेत? द्रोण हे आकारमानाचं माप, पण त्याची व्याख्या पळात, म्हणजे वजनात दिली आहे. कशाच्या वजनात? उडदाच्या. ज्या भांड्यात २०० पळं उडीद बसतात तो उत्पन्नाचा द्रोण. लाकडाचं भांडं झिजेल, फुगेल, कुणी तळ जाड करेल. पण उडीद तोलून बघितले की लबाडी उघडी पडते. मापावर वजनाचा पहारा बसवला होता.

ग्रॅम जन्माला आला तोच असा

हे फक्त आपल्याकडचं नाही. १७८९ साली फ्रान्समध्ये क्रांतीच्या उंबरठ्यावर राजाने गावोगावच्या लोकांकडून तक्रारी मागवल्या. त्यात पुन्हापुन्हा येणारी एक मागणी म्हणजे जमीनदाराच्या धान्याच्या मापापासून सुटका. देशभर एकच वजन, एकच माप हवं. शेतकऱ्याला स्वातंत्र्य, समता हे मोठे शब्द सुचण्याआधी मापातली शीग दिसत होती.

त्यातून मेट्रिक पद्धत आली. १७९५ च्या फ्रेंच कायद्यात ग्रॅमची व्याख्या केली, ती अशी: एक घन सेंटीमीटर शुद्ध पाण्याचं, बर्फ वितळतं त्या तापमानाला असलेलं वजन. म्हणजे आकारमान आणि वजन यांच्यामध्ये पाण्याचा पूल बांधला. कौटिल्याने उडीद घेतले, फ्रेंचांनी पाणी घेतलं. पाणी हा जास्त चांगला पर्याय, कारण पाण्याला शीग येत नाही. पाणी दाबून भरता येत नाही. कुणीही भरा, तेवढंच बसतं. एक मिलीलिटर पाणी म्हणजे जवळजवळ एक ग्रॅम, हे जे आपण शाळेत पाठ केलं, तो निसर्गाचा योगायोग नाही. माणसांनी ठरवून जुळवलेलं आहे.

खान्देशात वजन कुठून आलं?

मग आपल्याकडे माप जाऊन वजन कसं आलं? एक मोठं कारण कापूस. कापूस पायलीने मापून बघा! हाताने दाबला की निम्मा होतो. त्याचं आकारमान म्हणजे काहीच नाही, वजन हेच खरं. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस इंग्लंडला जाणं थांबलं, आणि खान्देश-वऱ्हाडातल्या कापसाला अचानक सोन्याचा भाव आला. त्याच दशकात भुसावळमार्गे रेल्वे पुढे नागपूरला पोचली. गाठी बांधायच्या, गाडीत चढवायच्या, मुंबईला उतरवायच्या, तिथून जहाजाने मँचेस्टरकडे. या साखळीत कुणी कुणाला ओळखत नाही. एदलाबादच्या शेतकऱ्याने भरलेली शीग मँचेस्टरच्या गिरणीवाल्याला काय कळणार? त्याला फक्त पौंड कळतात.

एदलाबाद म्हणजे आपलं मुक्ताईनगर, हे जुन्या मंडळींना सांगायला नको. आणि आपली जागा बघा. पूर्वेला मलकापूर, म्हणजे वऱ्हाड. उत्तरेला बऱ्हाणपूर, म्हणजे निमाड. इंग्रजी अमलात हे तीन वेगवेगळे कारभार होते: खान्देश मुंबई इलाख्यात, वऱ्हाड १८५३ पासून निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलेलं, बऱ्हाणपूर मध्य प्रांतात. बैलगाडीने एक-दोन दिवसांत तीन कारभार ओलांडता येत होते.

वजनाचेही कमी घोळ नव्हते बरं का. १८३३ मध्ये तोळा १८० ग्रेनचा ठरवला, म्हणजे ११.६६ ग्रॅम. ८० तोळ्यांचा शेर, ४० शेरांचा मण. हा बंगाली मण आजच्या ३७.३ किलोंचा. पण मुंबईचा मण २८ पौंडांचा, १२.७ किलोंचा! मण एकच, पण एक दुसऱ्याच्या जवळजवळ तिप्पट. कापसाची खंडी या मुंबईच्या २८ मणांची. २८ गुणिले २८, ७८४ पौंड, म्हणजे ३५५.६ किलो. हा आकडा ओळखीचा वाटतो? आजही रुईच्या भावाच्या बातम्यांत 'प्रति खंडी ३५६ किलो' असं येतं ते हेच. मेट्रिक येऊन साठ वर्षं झाली, शेरही गेला, मणही गेला, पण कापसाच्या बाजारात खंडी अजून बसलेली आहे.

म्हणून वजन आलं आणि न्याय आला, इतकं सरळ नाही. 'काटा मारणं' हाही मराठीच शब्द आहे. १९२८ च्या शेतीविषयक रॉयल कमिशनने हिंदुस्थानातल्या बाजारांचं वर्णन करताना हेच लिहिलंय की तराजू, वजनं आणि मापं शेतकऱ्याच्या विरोधात वापरली जातात, आणि प्रमाणित वजनं नाहीत, तपासणी नाही म्हणून ते शक्य होतं. त्याआधी १८९७ मध्ये वऱ्हाडात कापूस आणि धान्याच्या बाजारांसाठी कायदा झाला होता, १९२७ मध्ये मुंबई इलाख्याचा कापूस बाजार कायदा आला, आणि त्या कायद्याखाली सुरुवातीच्या नियंत्रित बाजारांत आपल्या खान्देशातलं धुळं होतं. आजच्या बाजार समितीचं मूळ इथे आहे. १९३२ मध्ये मुंबई प्रांताने वजनमापांचा कायदाही केला.

फरक असा की काट्यातली लबाडी पकडता येते. खोटं वजन जप्त करता येतं, खऱ्या वजनाशी ताडून बघता येतं. शीग जप्त कशी करणार? ती तर ओतल्यावर संपली.

नवा पैसा, नवा किलो, नवं राज्य

स्वातंत्र्यानंतरची काही वर्षं म्हणजे आपल्या आजी-आजोबांसाठी एकामागून एक अपडेट्स होते. १ एप्रिल १९५७ ला नवा पैसा आला: सोळा आण्यांचा रुपया शंभर पैशांचा झाला. १९५६ मध्ये संसदेने वजनमापांचा कायदा केला आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून ठरावीक भागांत, ठरावीक धंद्यांत किलो-ग्रॅम लागू व्हायला लागले. १९६२ पर्यंत टप्प्याटप्प्याने देशभर. मध्ये १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य. विचार करा, एका बाईने आठवड्याच्या बाजारात पाच वर्षांत नाणं बदललेलं पाहिलं, वजन बदललेलं पाहिलं आणि राज्य बदललेलं पाहिलं. कुठलंही ॲप नाही, कॅल्क्युलेटर नाही.

तिचा हिशेब सोपा नव्हता. शेर ९३३ ग्रॅमचा, किलो १,००० चा. पावशेर २३३ ग्रॅम, पाव किलो २५०. छटाक ५८ ग्रॅम. दुकानदाराने पावशेराचाच भाव पाव किलोला लावला तर गिऱ्हाइकाचा फायदा, पण भाव थोडा जास्त वाढवला तर? १७ ग्रॅम म्हणजे नक्की किती पैसे, हे तोंडी सांगणं कुणालाही जड. आणि शब्द तर गेलेच नाहीत. आजही भाजीवाल्याकडे आपण 'पावशेर मिरच्या' म्हणतो आणि तो २५० ग्रॅमचं वजन टाकतो. शेरास सव्वाशेर भेटतो, किलोस सव्वाकिलो नाही.

आणखी एक शब्द राहिला: मापाडी. बाजार समितीत हमाल आणि मापाडी असं जोडूनच म्हणतात, त्यांच्या संघटनेच्या नावातही ते आहे. मापाडी म्हणजे माप भरणारा. आज तो काट्यावर वजन करतो, माप हातात धरत नाही. काम बदललं, हुद्द्याचं नाव पायलीच्या काळातलंच राहिलं.

मग स्वयंपाकघरात वाटी का टिकली?

बाजारातून माप गेलं. घरातून का नाही गेलं? १९७० मध्ये आलेल्या कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने मराठी घरांना स्वयंपाक शिकवला तो वाटी-चमच्याच्या मापात, आणि पदार्थ झकास जमले. असं कसं?

कारण घरात वाटी प्रमाण सांगते. एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी. वाटी कुठलीही घ्या, दोन्हीकडे तीच असली की झालं. हात तोच, भांडं तेच, खाणारी माणसं तीच. आणि भाजी-आमटीत थोडं इकडेतिकडे झालं तर पाणी घालता येतं, पीठ लावता येतं. घरात कुणी कुणाला फसवत नाही, म्हणून शिगेची भीती नाही.

बेकिंगमध्ये दोन गोष्टी बदलतात. एक, ओव्हनमध्ये गेल्यावर हात लावता येत नाही. दुसरी आणि मोठी गोष्ट: रेसिपी लिहिणारा अनोळखी आहे. त्याचा कप तुमच्याकडे नाही, त्याचा हात तुमच्याकडे नाही. एदलाबादचा शेतकरी आणि मँचेस्टरचा गिरणीवाला यांच्यात जे नातं, तेच तुमच्यात आणि त्या रेसिपीत. माझ्या मते या सगळ्या इतिहासाचं सार एवढंच आहे: माप ओळखीच्या माणसांत चालतं, अनोळखी माणसांत वजन लागतं. केळी गावात डझनाने आणि ट्रकमध्ये क्विंटलने जाते, तीही यामुळेच.

कपाची पद्धत रूढ करण्यात मोठा वाटा फॅनी फार्मर या बाईंचा. १८९६ मध्ये बॉस्टनच्या कुकिंग स्कूलचं त्यांचं पुस्तक आलं. त्याआधी रेसिपीत 'अंड्याएवढं लोणी', 'चहाचा कप भरून पीठ' असलं चालायचं. त्यांनी ठामपणे सांगितलं की ठरावीक मापाचा कप घ्या आणि सुरीने वरून सपाट करा. म्हणजे त्यांनी शीग उडवली! कौटिल्याचं काम बॉस्टनच्या स्वयंपाकघरात.

गंमत अशी की त्याच अमेरिकेने बाजारात धान्याचं माप केव्हाच वजनावर नेलं होतं. बुशेल हे खरं तर पायलीसारखं आकारमानाचं माप, सुमारे ३५ लिटरचं. पण आगगाडीने शिकागोला धान्याचे डोंगर यायला लागल्यावर मापत बसणं शक्य नव्हतं. मग बुशेल म्हणजे गहू असेल तर ६० पौंड, मका ५६ पौंड, ओट ३२ पौंड, असं बांधून टाकलं. बाजारात वजन, घरात कप. आपल्यासारखंच.

आणि आपल्या गावातला बेकरीवाला? दिवाळीत लोक भट्टीवर रवा, मैदा, तूप, साखर घेऊन नानखटाई करून घ्यायला जातात. तो कधी वाटीत बोलतो का? 'दोन किलो मैदा आणा, एवढं तूप आणा.' त्याच्याकडे दिवसाला पन्नास घरांचं पीठ येतं. पन्नास घरांच्या पन्नास वाट्या. त्याला किलोशिवाय पर्यायच नाही.

आजची शीग

शीग संपली असं वाटत असेल तर किराणा दुकानात जा. तेलाची पिशवी उचला. एक लिटर तेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम, कारण तेल पाण्यापेक्षा हलकं. तेल तापलं की फुगतं, म्हणजे जास्त तापमान धरून लिटर मोजलं तर तेवढ्याच लिटरमध्ये तेल कमी भरतं. म्हणून २०२२ मध्ये केंद्र सरकारने कंपन्यांना सांगितलं की तापमान न लिहिता लिटर द्या आणि सोबत खरं वजनही छापा. पिशवीवर दोन्ही आकडे असतात. पुढच्या वेळी दोन कंपन्यांची पिशवी घेताना ग्रॅम बघा.

आइस्क्रीमचा डबा तर अजून भारी. ते मिलीलिटरमध्ये विकतात आणि फेटताना त्यात हवा भरतात. म्हणून अन्नसुरक्षेच्या नियमात एक लिटर आइस्क्रीमचं वजन किमान ५२५ ग्रॅम असायला हवं अशी अट आहे. उडदाच्या द्रोणाची आठवण झाली ना? पुन्हा तेच: मापावर वजनाचा पहारा.

घरी करायचं काय?

वजन बरोबर आकारमान गुणिले घनता. कोडमध्ये हे एका ओळीचं फंक्शन आहे. खरं काम त्याच्यासोबतच्या तक्त्याचं, कारण प्रत्येक जिनसाची घनता वेगळी. अमेरिकन कपासाठी, म्हणजे २३७ मिलीसाठी, साधारण आकडे असे: पाणी २३७ ग्रॅम, दूध २४४, तेल २१६, साखर २००, मैदा १२० ते १२५, पिठीसाखर १२० च्या आसपास, कोको पावडर ८५. एकाच कपात २४४ पण आणि ८५ पण. म्हणून 'एक कप म्हणजे किती ग्रॅम?' या प्रश्नाला 'कशाचा?' हे विचारल्याशिवाय उत्तर नाही. आणि पाणी-दूध-तेल यांचे आकडे पक्के, पण मैद्याचा आकडा भरणाऱ्याच्या हातावर. रेसिपीत ग्रॅम दिले असतील तर ग्रॅमच धरा. फक्त कप दिले असतील तर मैदा चाळून, चमच्याने टाकून, सपाट करून घ्या आणि तोलून वहीत लिहा. पुढच्या वेळी वहीतला आकडा वापरा.

घरातल्या वाटीचंही करा. रिकामी वाटी काट्यावर ठेवा, काटा शून्य करा, काठोकाठ पाणी भरा. जितके ग्रॅम, तितके मिलीलिटर. १७९५ चा पूल अजून मजबूत आहे.

आणि आता माझी एक मागणी. तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी माळ्यावर, देवघरात किंवा लग्नाच्या सामानात एक जुनं माप असेल. पितळेचं, लोखंडी पत्र्याचं, लाकडाचं. शेर असेल, मापटं असेल, नशीब असेल तर पायली. मोडीत जायच्या आधी ते काढा. गळत असेल तर आतून प्लास्टिकची पिशवी लावा, पाणी भरा, तोला. मग त्यातच ज्वारी सपाट भरून तोला, नंतर शीग लावून तोला. तीन आकडे, गावाचं नाव आणि घरातलं वडीलधारं माणूस त्या मापाला काय म्हणतं तो शब्द, एवढं लिहून पाठवा. मलकापूरचा शेर आणि मुक्ताईनगरचा शेर खरंच वेगळा होता का, धुळ्याची पायली केवढी होती, हे आपण काट्यावर ठेवून बघू. जितकी मापं जमतील त्यांचा तक्ता करून एका पुढच्या भागात वाचून दाखवेन.

आणि आजीला विचारायला विसरू नका: मापताना पहिल्याला 'लाभ' तुम्हीपण म्हणायचात का? भेटू पुढच्या भागात.